मदरबोर्ड गेला म्हणे!

'मदरबोर्ड गेला.' आमच्या भागात कॉम्प्युटरच्या बाबतीत यापेक्षा महागडे दोन शब्द नसतील. ते कानावर पडले की समोरचा माणूस पुढचं काही विचारतच नाही. घरात कुणी गेल्याचं कळल्यावर 'कशाने गेले?' एवढं तरी आपण विचारतो. इथे तेवढंही नाही. दहा हजार की वीस हजार, एवढाच हिशेब डोक्यात सुरू होतो, आणि जुनं मशीन माळ्यावर नाहीतर भंगारात जातं.

हे आज लिहायचं कारण म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५. त्या तारखेला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेटची एक सोय ठेवली, इतकंच. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप लागते, सिक्युअर बूट लागतं आणि प्रोसेसरही साधारण २०१८ च्या आसपासचा किंवा त्यापुढचा लागतो. म्हणजे जालना, परतूर, मंठा, भोकरदन इथल्या दुकानांत, शाळांत, पतसंस्थांत जी दहा-बारा वर्षं जुनी पण ठणठणीत मशीन्स चालू आहेत, त्यांना अधिकृतपणे पुढची वाट नाही. मग कुणी पेनड्राइव्ह घेऊन येतो, काहीतरी नवीन टाकून बघतो, पेनड्राइव्ह बूट होत नाही, आणि ते दोन शब्द येतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की पेनड्राइव्ह बूट झाला नाही, तर त्याला कारण असतं. ते कारण बहुतेक वेळा शोधता येतं, आणि ते शोधण्याची रीत आपल्याकडे प्रत्येक शेतकऱ्याला आधीपासून येते.

विहिरीवरची मोटार चालू होत नाही तेव्हा आपला माणूस काय करतो, ते बघा. 'मोटार जळाली' असं तो पहिल्या मिनिटाला कधीच म्हणत नाही. आधी लाइट आहे का ते बघतो. मग टेस्टर लावून तिन्ही फेज आहेत का ते बघतो. एक फेज गेला असेल तर डीपीवर जाऊन फ्यूज बघतो. मग स्टार्टर, मग केबल. एवढं सगळं ठीक निघालं तरच मोटार वर काढून रिवाइंडिंगवाल्याकडे न्यायचा विचार करतो, कारण मोटार वर काढणं म्हणजे चार माणसांचं काम आणि खर्च. वीज जिथून येते तिथून सुरुवात करायची, एकेक टप्पा पार करत मोटारीपर्यंत यायचं. हे त्याला कुठल्या कोर्समध्ये शिकवलेलं नाही, तरी तो चुकत नाही. हाच माणूस मुलीच्या कॉम्प्युटरबद्दल मात्र 'मदरबोर्ड गेला' हे एका वाक्यात मान्य करतो. का? तर वीज कुठून कुठे जाते हे त्याला ठाऊक आहे, कॉम्प्युटर चालू होताना काय कुठून कुठे जातं हे कुणी कधी सांगितलेलं नाही.

तर ते सांगतो. फार अवघड नाही.

गंमत म्हणजे आपला जालना जिल्हा आणि आज आपण ज्याला पीसी म्हणतो तो, दोघे एकाच वर्षीचे. औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा होऊन जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी, आणि आयबीएमने आपला पहिला पीसी आणला त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. त्या पीसीत बायोस नावाचा एक छोटासा प्रोग्राम होता. बटण दाबलं की तो जागा व्हायचा आणि डिस्कचा अगदी पहिला तुकडा, ५१२ बाइटचा, वाचायचा. पुढे पक्की झालेली पद्धत अशी की या तुकड्याच्या शेवटी दोन बाइटची एक ठरलेली खूण असते. ती दिसली तर बायोस कारभार त्या तुकड्याच्या हाती देतो, नाही दिसली तर पुढच्या डिस्ककडे वळतो. जुन्या मशीन्स अजूनही असंच करतात. याला लेगसी मोड म्हणतात.

नंतर आलं यूईएफआय. ते पहिल्या तुकड्याच्या भरवशावर नसतं. ते डिस्कवर फॅट पद्धतीचं पार्टिशन शोधतं, त्यात ईएफआय नावाचं फोल्डर, त्यात बूट नावाचं फोल्डर आणि त्यात ठरलेल्या नावाची एक फाइल. ती सापडली तर गाडी पुढे. म्हणजे एकाच पेनड्राइव्हकडे दोन मशीन्स दोन वेगळ्या नजरांनी बघतात. एकीला तो भरलेला दिसतो, दुसरीला कोरा. 'माझ्या लॅपटॉपवर चालतो, तुमच्यावर चालत नाही, म्हणजे तुमचं मशीन खराब' हा निष्कर्ष इथेच कोसळतो.

परतूरकडच्या एका ओळखीच्या दुकानदाराचं उदाहरण देतो. झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान. दहा-अकरा वर्षांचा डेस्कटॉप. जुलै अखेर जवळ आलेला, म्हणजे पीकविम्याच्या अर्जांची गर्दी, आणि एका सकाळी पडद्यावर 'बूट डिव्हाइस सापडत नाही'. दुरुस्तीवाल्याने पेनड्राइव्ह लावून पाहिला, तोही बूट होईना. दुकानदाराचा मला फोन. "सर, मदरबोर्ड गेला म्हणतेत. नवाच घ्या म्हणले. आता ऐन गर्दीत कसं करावं?" नवीन घ्यायला पैसे नव्हते असं नाही, पण हार्ड डिस्कवर गिऱ्हाइकांची कागदपत्रं आणि चार वर्षांचा हिशेब होता, आणि फॉरमॅट मारावं लागेल असंही त्याला सांगण्यात आलं होतं.

मी गेलो, मशीन चालू केलं आणि आधी तारीख पाहिली. कित्येक वर्षं मागची! विचारलं, रात्री दुकान बंद करताना मेन स्विच बंद करता का? म्हणाला, "रोजच." झालं. मदरबोर्डवर एक बटणाएवढा सेल असतो, सीआर २०३२. वीज नसताना घड्याळ आणि सेटिंग जपायचं काम त्याचं. तो संपला होता. मेन स्विच बंद झाला की मशीन सगळी सेटिंग विसरायचं आणि सकाळी कारखान्यातून आलं तेव्हाच्या सेटिंगवर उठायचं. ती मूळ सेटिंग होती फक्त यूईएफआयची. डिस्कवरचं विंडोज मात्र कुणीतरी पूर्वी लेगसी पद्धतीने टाकलेलं. त्यामुळे मशीनला स्वतःची डिस्कही दिसेना आणि लेगसी पद्धतीने बनवलेला तो पेनड्राइव्हही दिसेना. दोन्हीकडे 'नाही' ऐकून निदान झालं होतं, मदरबोर्ड गेला.

तीस-चाळीस रुपयांचा सेल बदलला, लेगसी मोड चालू करून सेटिंग साठवली, तारीख नीट केली. जुनं विंडोज जसंच्या तसं उभं राहिलं. पेनड्राइव्हची गरजच पडली नाही. जिथे भारनियमन आणि मेन स्विच बंद करायची सवय दोन्ही आहेत, तिथे हा सेल लवकर उघडा पडतो. म्हणून मी आता कुठलंही जुनं मशीन पाहताना पहिल्यांदा तारीख बघतो. फुकटातली तपासणी आहे.

आता पेनड्राइव्हकडे वळू. इथेही डीपीपासून मोटारीपर्यंत जायचं.

पहिला टप्पा म्हणजे उतरवून घेतलेली फाइल. ती आयएसओ नावाची एक मोठी फाइल असते, विंडोजची पाच-सहा जीबीची, लिनक्सची बहुधा त्याहून लहान. एक काळ असा होता की आपल्याकडे डायलअपवर ७०० एमबी उतरवणं अशक्यच होतं. 'पीसीक्वेस्ट' मासिकासोबत लिनक्सच्या सीडी यायच्या, आणि उबुंटूवाले तर मागणी केली की पोस्टाने फुकट सीडी पाठवायचे. ती योजना २०११ मध्ये बंद झाली. आज मोबाइलच्या डेटावर फाइल उतरते, पण रोजची मर्यादा संपते, नेट मध्येच तुटतं, आणि अर्धवट फाइल पूर्ण असल्यासारखी दिसते. म्हणून ती फाइल देणाऱ्यांच्या साइटवर शा-२५६ नावाची अंक-अक्षरांची एक लांबलचक ओळ दिलेली असते. आपल्या फाइलवरून तीच ओळ काढायची आणि ताडून पाहायची. विंडोजमध्ये सर्टयुटिल आणि लिनक्समध्ये शा२५६सम ही कमांड त्यासाठी असतेच. एक अक्षर जरी वेगळं निघालं तरी फाइल पुन्हा उतरवायची. घरचं सोयाबीन पेरण्याआधी आपण गोणपाटात शंभर दाणे ठेवून किती उगवतात ते मोजतो, सत्तर तरी उगवले पाहिजेत म्हणतो. बियाण्यांसाठी देशभर नाव असलेल्या जालन्यात हे वेगळं समजावून सांगायला नको. फरक एवढाच की इथे सत्तर चालत नाहीत, शंभरच्या शंभर लागतात.

दुसरा टप्पा खुद्द पेनड्राइव्ह. स्वस्तात मिळणारे काही पेनड्राइव्ह ६४ जीबी म्हणून सांगतात आणि आत असतात ८. वरची माहिती लिहिल्यासारखी दिसते, पण कुठेच लिहिली गेलेली नसते. इन्स्टॉलेशन साठ टक्क्यांवर येऊन दरवेळी अडकत असेल, तर एकदा हा संशय घ्यावा. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ ही फुकट साधनं पेनड्राइव्ह पूर्ण भरून आणि पुन्हा वाचून खरी क्षमता सांगतात. आधी आतला मजकूर मात्र काढून ठेवायचा.

तिसरा टप्पा लिहिण्याचा. आयएसओ फाइल नुसती कॉपी करून पेनड्राइव्हवर टाकली की ती बूट होत नाही. बियाण्याची पिशवी न फोडता सरीत ठेवल्यासारखं आहे ते. रुफससारखा प्रोग्राम ती फाइल उघडून योग्य जागी मांडतो. तिथे तो विचारतो, एमबीआर की जीपीटी? जुन्या लेगसी मशीनसाठी पहिलं, यूईएफआयसाठी बहुधा दुसरं. आणखी एक मेख आहे. यूईएफआयला फॅट३२ हमखास वाचता येतं, पण फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, आणि विंडोजची मुख्य फाइल हल्ली त्याहून मोठी असते. रुफस यावर स्वतः तोड काढतो, हाताने कॉपी करणारा मात्र इथे अडकतो. २०२० साली आलेला व्हेंटॉय आणखी सोपा. पेनड्राइव्ह एकदा तयार केला की त्यावर हव्या तितक्या आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करायच्या, तो यादी दाखवतो. वर जे कॉपी चालत नाही म्हटलं, त्याला हा सन्माननीय अपवाद.

चौथा टप्पा मशीनला पेनड्राइव्ह दिसतो का हा. चालू करताना एफ-१२, एफ-९, एस्केप, कंपनीप्रमाणे बटण वेगळं, पण बूट मेनू असतोच. तो उघडतच नसेल तर मशीन शटडाउन न करता रीस्टार्ट करून बघावं, कारण विंडोज ८ पासून शटडाउन म्हणजे अर्धी झोपच असते. मेनूत पेनड्राइव्हचं नाव दोनदा आलं, एकदा नुसतं आणि एकदा यूईएफआय लिहून, तर दोन्ही वापरून बघायचे. नाव एकदाही आलं नाही तर पोर्ट बदलायचं. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टांची आतली वायर पुष्कळदा सैल असते, मागचं पोर्ट थेट बोर्डावर असतं. निळं पोर्ट नको म्हणत असेल तर काळं. जुन्या विंडोज ७ च्या इन्स्टॉलरला तर यूएसबी ३ ओळखताच येत नसे. 'मीडिया ड्रायव्हर मिळत नाही' असं तो बोलायचा आणि लोक ड्रायव्हर शोधत बसायचे. हाच संदेश आजही कधी खराब फाइलमुळे येतो, कधी खराब पेनड्राइव्हमुळे. म्हणजे पुन्हा पहिला आणि दुसरा टप्पा.

पाचवा टप्पा सिक्युअर बूटचा. सही नसलेला बूट प्रोग्राम मशीन चालू देत नाही. उबुंटू, डेबियन यांच्याकडे मान्य सही असते, सगळ्यांकडे नसते. ते बंद करून बघता येतं, पण इथे एक इशारा. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असू शकते, आणि ही सेटिंग हलवली की विंडोज रिकव्हरी की मागतं. ती ४८ अंकी की आधी लिहून हाती ठेवल्याशिवाय तिथे हात लावू नये. मशीन वाचलं आणि मजकूर कायमचा गेला, याला दुरुस्ती कोण म्हणेल?

सहावा टप्पा म्हणजे इन्स्टॉलर उघडला पण आतली डिस्कच दिसत नाही. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपांवर विंडोज टाकताना हे वारंवार होतं. डिस्क व्हीएमडी नावाच्या व्यवस्थेमागे असते आणि तिचा ड्रायव्हर वेगळा द्यावा लागतो. डिस्क मेलेली नसते, पडद्याआड असते.

एवढे टप्पे पार करूनही काही झालं नाही, तर मग खुशाल म्हणा मदरबोर्ड गेला. जातात की मदरबोर्डही! उन्हाळ्यात पत्र्याखालच्या दुकानांत तर जास्तच. पण तो शेवटचा निष्कर्ष असावा, पहिला नाही. आणि या सगळ्यात एकच पथ्य. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय बदललं ते कागदावर लिहायचं. पेनड्राइव्हही बदलला, मोडही बदलला आणि पोर्टही बदललं, तर चालू झाल्यावरसुद्धा कळत नाही की नेमकं काय बिघडलं होतं. पुढच्या वेळी पुन्हा अंधारच.

आता 'टाकायचं तरी काय?' हा प्रश्न. जुन्या मशीनवर आडवाटेने विंडोज ११ बसवता येतं, पण कुठलं अपडेट पुढे अडेल याची हमी नाही. निव्वळ ब्राउझर, पत्रव्यवहार आणि हिशेब एवढंच काम असेल तर लिनक्स उत्तम. सी-डॅकचं बॉस लिनक्स तर भारतीय भाषा डोळ्यांसमोर ठेवूनच २००७ पासून चालत आलेलं आहे. मशीन ३२ बिटचं असेल तर नव्या आवृत्त्या बूटच होणार नाहीत. डेबियननेही ऑगस्ट २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटचा इन्स्टॉलर देणं थांबवलं. आणि खरं सांगायचं तर, अंगठ्याचं यंत्र किंवा डिजिटल सहीचं टोकन ज्यांच्या रोजच्या धंद्यात आहे, त्यांनी लिनक्स टाकण्याआधी ते उपकरण त्यावर चालतं का हे तपासावं. पुष्कळांचे ड्रायव्हर फक्त विंडोजचेच असतात. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल न करताच सगळं चालवून बघता येतं. वायफाय, प्रिंटर, अंगठा, सगळं. आणि अडल्या वेळी त्याच वाटेने डिस्कवरचा मजकूर बाहेर काढता येतो. 'फॉरमॅट मारावं लागेल' या वाक्याला हे पहिलं उत्तर आहे.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो. सगळ्यांनीच हे शिकलं तर दुरुस्तीवाल्यांनी खायचं काय? रिवाइंडिंगवाल्याला विचारा. शेतकऱ्याला फेज तपासता येतो म्हणून त्याचा धंदा बुडाला का? उलट त्याच्याकडे खरोखर जळालेलीच मोटार येते, आणि शेतकरी त्याच्याशी हुशारीने बोलतो. चांगल्या कारागिराला जाणतं गिऱ्हाईक आवडतंच. तालुक्यातल्या दुरुस्तीवाल्यांचा मला राग नाही. दिवसाला दहा मशीन्स समोर आणि प्रत्येकाला घाई, अशात कुणीही सोपं निदान देईल. माझी मागणी लहान आहे. बिलावर 'दुरुस्ती' एवढंच न लिहिता काय बिघडलं होतं ते एका ओळीत लिहावं. आणि गिऱ्हाइकानेही ते विचारावं, 'मदरबोर्ड गेला हे कशावरून ठरवलं, दादा?' एवढ्या एका प्रश्नाने निम्मी मशीन्स पुन्हा तपासली जातील असं मला वाटतं.

दुसरी मागणी शिकवणाऱ्यांकडे. २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाला आणि मराठवाड्यातल्या गावोगावच्या पोरापोरींचा हात माउसवर बसला, हे मोठं काम झालं. पण आपलं बहुतेक संगणक शिक्षण डेस्कटॉप दिसू लागल्यावर सुरू होतं. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात काय घडतं, ते कुणाच्याच अभ्यासात नसतं, आणि अडचण आली की ती नेमकी तिथेच येते. केरळने सरकारी शाळांतून लिनक्स नेलं, शिक्षकांनाच त्यासाठी तयार केलं, आणि तिथे शाळेतली माणसंच पेनड्राइव्ह लावून मशीन उभं करू शकतात. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतही तितकेच हुशार शिक्षक आहेत. एका शनिवारी एक जुनं मशीन, एक पेनड्राइव्ह आणि दहावीची वीस मुलं, एवढंच लागेल. मुलांना लिनक्स आलं नाही तरी चालेल. बंद पडलेल्या वस्तूसमोर हात न जोडता तिला एकेक प्रश्न विचारायचा असतो, एवढं त्यांना कळलं तरी पुष्कळ झालं.